कुंडीतला निवडुंग आणि माळावरची माकडशिंगी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात तपासणी समिती येणार होती. समिती येणार म्हटले की भिंतींना चुना लागतो, ग्रंथालयातील पुस्तकांवरची धूळ झटकली जाते आणि दाराशी कुंड्या येतात. त्याप्रमाणे कुंड्या आल्या. टेम्पोतून उतरलेल्या त्या कुंड्यांत लहान लहान निवडुंग होते. काही लोकरीच्या गुंड्यांसारखे पांढरे, काही काकडीसारखे रेषारेषांचे, आणि पाच-सहा तर असे की खाली हिरवा दांडा आणि वर लालभडक टोपी. आम्ही विद्यार्थी भोवती जमलो. छान दिसत होते, यात शंका नाही. शिपाईमामांनी त्यांना ओळीने मांडले व प्रत्येकापुढे एक पाटी रोवली. सगळ्या पाट्यांवर एकच शब्द होता : ‘कॅक्टस’.

त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या मागच्या बाजूचा माळ सपाट करण्यात आला. गाड्या उभ्या करावयास जागा हवी होती. जांभ्या दगडाचा तो उंचसखल तुकडा, त्यावर तरवड, चिलार, एक-दोन बाभळी आणि कुसळी गवत. यंत्र अर्ध्या दिवसात सगळे उलथून गेले. मी संध्याकाळी त्या बाजूने जात असताना उपटलेल्या तरवडाच्या मुळाशी करंगळीएवढ्या जाडीच्या, चौकोनी, पाने नसलेल्या, राखट हिरव्या कांड्यांचा एक जुडगा पडलेला दिसला. टोकाला दोन सुकलेली जांभळट फुले होती. हाही एखादा निवडुंगच, असे समजून मी तो रुमालात गुंडाळून घरी नेला.

आजी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने रुमालाकडे पाहिले आणि म्हणाली, “काय बघुलालास एवढं? माकडशिंगी हाय ती. कुठं घावली?”

वनस्पतिशास्त्र घेऊन तीन वर्षे शिकणाऱ्या नातवाला जे ठाऊक नव्हते, ते शाळेची पायरी न चढलेल्या आजीने शेंगा फोडता फोडता सांगितले. मला लाज वाटली. प्रस्तुत लेख त्या लाजेतून लिहिला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आमच्या दाराशी जे मांडले गेले आणि मागच्या अंगाला जे उलथले गेले, त्यांतले मोलाचे कोणते हे आम्ही विचारलेच नाही, आणि विद्यालयाने निदान एवढा प्रश्न तरी विचारावा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माकडशिंगी हा निवडुंग नव्हे. काटेरी, मांसल, पाने नसलेले जे काही दिसते त्या सर्वांना आपण निवडुंग म्हणतो. पण शास्त्राच्या दृष्टीने आपल्या बांधावर तीन अगदी वेगळी घराणी नांदत असतात.

पहिले घराणे खऱ्या निवडुंगांचे, म्हणजे कॅक्टस कुलाचे. हे कुल मूळचे अमेरिका खंडाचे. त्यातील एकच वेलीसारखी जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपणहून आढळते. बाकी सर्व पाहुणे. आपल्या कुंपणावरचा फड्या हाही असाच पाहुणा. नागाच्या फड्यासारखी त्याची चपटी पेरे, म्हणून मराठीत त्याचे नाव फड्या. आमचे कन्नड भाषिक मित्र त्यालाच पापासकळ्ळी म्हणतात. पापास म्हणजे पायताण. हा फारसी ‘पापोश’. जुन्या मराठीतही ‘पापोस’ म्हणून येतोच. एकाला त्या पेरात नागाचा फणा दिसला, दुसऱ्याला वहाणेचा तळवा! ओळखण्याची खूण अशी की, खऱ्या निवडुंगाचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून झुबक्याने निघतात आणि पेर मोडले तर पांढरा चीक येत नाही.

दुसरे घराणे आपल्या जुन्या देशी निवडुंगाचे : तीन धारांचा, चार धारांचा, आणि शेर. हे एरंडाचे भाऊबंद. मोडताच दुधासारखा चीक येतो, आणि तो डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. शेरताटीच्या कुंपणाजवळ वाढलेल्या कोणाही पोराला हे सांगावे लागत नाही.

तिसरे घराणे माकडशिंगीचे. ही रुईच्या कुळातली. आता शास्त्रज्ञांनी रुईचे कुळ कण्हेरीच्या मोठ्या कुळात मिळवून टाकले आहे. रुईच्या बोंडातून जशी रेशमी शेंडीची ‘म्हातारी’ उडते, तशीच माकडशिंगीच्या जोडशेंगांतूनही उडते. रुईप्रमाणेच तिचे परागकण सुटे न राहता मेणट पुडीत बांधलेले असतात आणि ती पुडी माशीच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलापर्यंत जाते. काटा एकही नाही. मोडली तर निघतो तो पाण्यासारखा रस, दूध नव्हे.

तीन घराणी, आणि रूप मात्र जवळजवळ एकच! याचे कारण ऊन. पाने म्हणजे पाणी उडून जाण्याची दारे. तेव्हा पाने टाकून द्यावीत, अन्न शिजविण्याचे काम हिरव्या खोडाकडे सोपवावे, खोडात पाणी साठवावे, आणि दिवसा दारे बंद ठेवून रात्रीच्या गारव्यात हवा आत घ्यावी, ही युक्ती मेक्सिकोच्या वाळवंटात एका कुळाने शोधली आणि आमच्या माळावर दुसऱ्याने. एकमेकांना न भेटता दोघे एकाच उत्तरापर्यंत पोहोचले. परीक्षेत असे घडले तर पर्यवेक्षक संशय घेतील. निसर्गात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

आता इतिहासाकडे वळू. या कथेत १७९५ हे साल विशेष महत्त्वाचे आहे.

विल्यम रॉक्सबर्ग हे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर. त्यांनी तेलुगू मुलखात अनेक वर्षे वनस्पती गोळा केल्या, देशी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली, आणि १७९३ साली ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा प्रसिद्ध चित्रग्रंथ १७९५ पासून लंडनला छापला जाऊ लागला. त्या पहिल्या खंडात आमच्या माकडशिंगीचे चित्र आणि वर्णन आहे. शास्त्रीय जगात तिचा जन्म तेथे झाला. रॉक्सबर्गनी एक चांगली गोष्ट केली. झाडाला लॅटिन नाव देताना गावकरी त्याला काय म्हणतात हेही लिहून ठेवले : ‘कारल्लम’. पुढे १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे झाड वेगळ्या प्रजातीत घातले, तेव्हा त्या तेलुगू नावावरूनच प्रजातीचे नाव घेतले : कॅरालुमा. आज जगभर हे झाड ‘कॅरालुमा अ‍ॅडसेंडेन्स’ म्हणून ओळखले जाते. म्हणजे ज्या नावाला आम्ही लॅटिन समजून घोकतो, त्यातला निम्मा भाग शेजारच्या तेलंगी शेतकऱ्याच्या तोंडचा आहे.

त्याच १७९५ साली कलकत्त्याच्या त्याच उद्यानात एक वेगळाच पाहुणा उतरला. त्या काळी किरमिजी रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. हा रंग मेक्सिकोत फड्यावर वाढणाऱ्या एका किड्यापासून मिळे. कंपनीला वाटले, हा किडा हिंदुस्थानात वाढवला तर स्पेनची मिरास मोडेल. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी फड्याची बागही केली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन ब्राझीलहून किडे घेऊन आले. पण तो किडा खऱ्या रंगाचा नव्हता; त्याचा हलक्या प्रतीचा भाऊ निघाला. रंगाचा धंदा बुडाला. किड्याने मात्र एका जातीच्या फड्याची राने खाऊन फस्त केली. हे पाहून १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात सोडण्यात आला. ज्या दुसऱ्या फड्याला तो किडा शिवत नव्हता, त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून आणखी एक किडा आणला गेला, आणि काही वर्षांतच दक्षिणेतील फड्याची दाट बने वाळून गेली. एका कीटकाकडून तणाचा बंदोबस्त करून घेण्याचे जगातील हे अगदी पहिले उदाहरण म्हणून आजही पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. आणि त्याची सुरुवात झाली ती किडा ओळखण्यात चूक झाली म्हणून!

हे दोन प्रसंग एका सालचे, एकाच बागेशी जोडलेले. एकात गावकऱ्याला नाव विचारून ते नीट लिहून ठेवले. ते नाव दोनशे वर्षे टिकले. दुसऱ्यात नीट न ओळखता घाईने आणले. त्याची निस्तरणी शंभर-सव्वाशे वर्षे चालली. ‘कॅक्टस’ एवढीच पाटी लावून मोकळे होणाऱ्यांनी यातून काय घ्यावयाचे ते घ्यावे.

माकडशिंगी एकच नाही, तिचे प्रकार अनेक आहेत. १९३१ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील ग्रेव्हली आणि मयूरनाथन या दोघांनी भारतातील कॅरालुमांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या एका जातीत अनेक उपजाती लावून दिल्या. त्यांची नावे लॅटिन असली तरी अर्थ साधे आहेत. ‘फिम्ब्रिआटा’ म्हणजे झालरीची. हिच्या पाकळ्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते आणि वाऱ्याची झुळूक आली की ती थरथरते. ‘अ‍ॅटेन्युआटा’ म्हणजे निमुळती होत गेलेली. ‘ग्रॅसिलिस’ म्हणजे सडपातळ. ‘जेनिक्युलाटा’ म्हणजे गुडघ्यासारखी वाकलेली. काही शास्त्रज्ञ यांना उपजाती म्हणतात, काही स्वतंत्र जातीच मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही. फूल जेमतेम बोराएवढे. पण भिंग घेऊन पाहावे, म्हणजे जांभळ्या-पिवळ्या नक्षीचे पंचकोनी काम दिसते. बिदरच्या बिद्री कामावर आम्ही अभिमानाने बोलतो. हेही एक बिद्री कामच आहे, फक्त कारागीर वेगळा.

मित्रहो, येथे आमच्या विद्यार्थ्यांचे खरे काम आहे. गुलबर्गा विद्यापीठातील अभ्यासकांनी २००० साली गुलबर्गा जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. असा ग्रंथ पाया घालून देतो. पण औरादच्या माळावरची माकडशिंगी झालरीची की बिनझालरीची, चिंचोळीच्या रानातली आणि आळंदच्या बांधावरची एकच की निराळी, हे दर पावसाळ्यात चालत जाऊन, वाकून पाहण्याचे काम आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंग, एक वही आणि एक ओळखीचा गुराखी एवढे पुरते.

आता नावांविषयी. आजी म्हणते माकडशिंगी. आमच्या वर्गातील कन्नड मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “आमच्याकडे मंगन कोडु.” मंग म्हणजे माकड, कोडु म्हणजे शिंग. शब्द वेगळे, शिंग तेच! तेलुगूत ‘कुंदेटि कोम्मुलु’ म्हणतात, म्हणजे सशाची शिंगे. न्यायशास्त्रात अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे उदाहरण म्हणून ‘शशशृंग’ देतात. पंडितांना जे कधी सापडले नाही, ते तेलंगी गुराख्याने केव्हाच शोधून त्याचे कोरड्यास करून खाल्ले, असे म्हणावयास हरकत नाही.

विनोद बाजूला ठेवू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले. घरांच्या वाटण्या झाल्या की भांडी वाटली जातात, तशा भाषा वाटल्या गेल्या. पण माळ वाटला गेला नाही. जांभ्या दगडाची ती लाल पाठ तिन्ही राज्यांत पसरलेली आहे आणि तिच्यावर माकडशिंगी तिन्ही नावांनी उगवते. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा भाषांत पदे रचली, कारण त्यांच्यासमोर बसणारी माणसे तशी होती. या झाडाचेही तसेच आहे. मराठीने हाक मारा, कन्नडने मारा. ते ओ देते. आमच्या या वार्षिकांकाला मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. दोन्ही विभागांत ज्याचे नाव लिहिता येईल असे झाड आमच्या अंगणात होते. ते आम्ही उलथून टाकले, आणि ज्याचे नाव कोणत्याच विभागाला ठाऊक नाही ते दाराशी ठेवले.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती भुकेची आहे.

आजी सांगते की १९७२ च्या दुष्काळात ती नुकती लग्न होऊन आली होती. ज्वारी मिळेना. बायका माळावर जाऊन माकडशिंगीचे कोवळे शेंडे खुडून आणीत. मीठ-मिरची घालून भाजी करीत, किंवा तशीच चावून वर पाणी पीत. ती म्हणते, “चव तुरट-खारी. पण खाल्ली की पोटातली आग दबायची.” गुराख्यांना, शिकाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती : दिवसभर रानात हिंडायचे तर दोन कांड्या चघळाव्यात, भूक-तहान लागत नाही.

नेमका हाच गुण पुढे शहरांना सापडला. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी वजन जास्त असलेल्या पन्नास स्त्री-पुरुषांवर साठ दिवस या झाडाच्या अर्काचा प्रयोग केला आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्क घेणाऱ्यांची भूक व कमरेचा घेर कमी झाला. वजनात मात्र खात्रीने सांगता येईल एवढा फरक पडला नाही. प्रामाणिक प्रयोग असाच दोन्ही बाजू सांगतो. पण बाजाराला दुसरी बाजू ऐकू येत नाही. परदेशांत या अर्काच्या गोळ्या सडपातळ होण्यासाठी विकल्या जातात. पहा, केवढी विपरीत गोष्ट! जिच्या घरात दाणा नव्हता तिने जी भूक दाबण्यासाठी खाल्ली, ती आता ज्याच्या घरात खाणे उतू चालले आहे तो भूक दाबण्यासाठी विकत घेतो. बाटलीवर लॅटिन नाव असते. माझ्या आजीचे नाव नसते, तिच्या गावाचेही नसते.

कायदा याविषयी काही म्हणतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी लागते. गावात कोणती झाडे, कोणती बियाणी, त्यांचे काय उपयोग, ते कोणाला ठाऊक आहेत, हे त्या वहीत लिहावयाचे. वही कशी भरली जाते यावर सारे अवलंबून आहे. कचेरीत बसून छापील यादी उतरवून काढली तर ती वही नव्हे, रद्दी. ती भरावयाची तर ज्या म्हातारीला नाव ठाऊक आहे तिच्या ओसरीवर बसावे लागेल, आणि तिच्या भाषेत लिहावे लागेल. सीमाभागात ही भाषा कधी मराठी, कधी कन्नड, कधी लमाणी, कधी दखनी असेल. आमच्या महाविद्यालयात या चारही भाषा घरी बोलणारी मुले-मुली आहेत. याहून चांगले लेखनिक पंचायतीला कोठे मिळणार?

या लेखावर दोन आक्षेप येतील, हे मी जाणून आहे.

पहिला : “परदेशी झाड म्हणून तुझा राग आहे काय?” मुळीच नाही. मिरची अमेरिकेची, भुईमूग अमेरिकेचा, टोमॅटो अमेरिकेचा. ही मंडळी वजा केली तर आमच्या ताटात कलबुर्गीची तूर आणि ज्वारीची भाकरी एवढेच उरेल. ते वाईट नाही, पण ठेचा हवाच. अलीकडे काही शेतकरी ड्रॅगन फ्रूट लावतात. तेही निवडुंगाचेच फळ. गुजरात सरकारने २०२१ साली त्याला ‘कमलम्’ असे नाव देऊन टाकले. पाहुणा कामाचा असला की त्याला घरचे नाव मिळते. माझा राग पाहुण्यावर नाही. पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाला मागच्या दाराने बाहेर काढण्यावर आहे.

शिवाय त्या लाल टोपीच्या निवडुंगाची हकीकत ऐका. त्याचे मूळचे कुळ पॅराग्वे देशातले. तेथे तो लहानसा, राखट रंगाचा, काटेरी झुडपांच्या सावलीत राहणारा गरीब जीव आहे. म्हणजे राहणीने अगदी आमच्या माकडशिंगीसारखा! १९४१ साली जपानमधल्या एका रोपवाटिकेत त्याच्या हजारो रोपांत काही लाल रोपे निघाली. ती लाल, कारण त्यांच्यात हरितद्रव्य नाही. स्वतःचे अन्न शिजविता येत नाही, म्हणून मुळावर ती जगत नाहीत. त्यांना दुसऱ्या हिरव्या निवडुंगाच्या दांड्यावर कलम करावे लागते. आणि हा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्याच जातभाईचा असतो. खालचा राबतो, वरचा मिरवतो. काही वर्षांनी दोघांचे जमेनासे होते आणि दोघेही जातात. हे सर्व पाटीवर लिहिले असते तर त्या कुंडीने आम्हांला वनस्पतिशास्त्राचा एक धडा दिला असता, आणि थोडा समाजशास्त्राचाही. पाटीवर ‘कॅक्टस’ लिहिल्यामुळे तिने फक्त फोटो दिले.

दुसरा आक्षेप : “माळच तो, पडीक जमीन. तेथे होते काय?” ‘पडीक’ हा शब्द महसुलाचा आहे, निसर्गाचा नाही. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती सरकारी दप्तरात पडीक. माळावर मोर चरतो, घोरपड राहते, मेंढपाळाची मेंढरे जगतात. माकडशिंगी नांगराखालच्या काळ्या रानात फारशी दिसणार नाही. तिला खडक हवा, पातळ माती हवी आणि उन्हाच्या पहिल्या माऱ्यापासून वाचवणारे एखादे काटेरी झुडूप हवे. तरवड उपटला की तीही गेली. वर्षभर ती काटकीसारखी दिसते आणि पावसाळ्यातील काही दिवसच फुलते. त्यामुळे ती गेल्याचे कोणाला कळतही नाही.

महाराष्ट्रात याच घराण्यातील एका बहिणीवर काय वेळ आली ते पाहा. शिवनेरी-जुन्नरच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे. १८६४ साली डॅल्झेल यांनी तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ असे नाव दिले. पुढे एके काळी जगातील अत्यंत धोक्यात आलेल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली. तेव्हा लोक जागे झाले, फांद्या लावून रोपे करण्यात आली, काही कड्यांवर पुन्हा लावण्यात आली. आमची माकडशिंगी अजून तेवढी दुर्मीळ नाही, ती दख्खनभर आहे. म्हणूनच आज तिच्यासाठी करावयाचे काम सोपे आणि स्वस्त आहे. बाराच्या यादीत जाण्याची वाट पाहिली तर ते महाग पडेल.

मग करावे काय? माझ्या सूचना चारच आहेत, आणि त्यांना फारसा खर्च नाही.

एक, महाविद्यालयाच्या आवारात दगड-मुरुमाचा एक कोपरा जसा आहे तसा ठेवावा. त्याला पाणी घालू नये, लॉन लावू नये. तेथे तरवडाखाली माकडशिंगी लावावी. हातभर फांदी तोडून दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मुरमात खोवली की ती धरते. मुळासकट उपटण्याची गरज नाही. आणि जेथे चारच कांड्या आहेत तेथून ती चौथी कांडीही घेऊ नये.

दोन, पाट्या नीट कराव्यात. झाडाचे शास्त्रीय नाव, आणि त्याखाली मराठी, कन्नड व तेलुगू नाव. निवडुंगाच्या कुंड्यांनाही हाच नियम. कोठून आला तेही लिहावे. पाहुण्याची ओळख करून देणे हा शिष्टाचारच आहे.

तीन, दर पावसाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचा एक माळ पाहावा, घरातील वडीलधाऱ्यांना नावे विचारावीत, आणि त्या वह्या पंचायतीच्या नोंदवहीला जोडाव्यात. मात्र ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये. चिकाचा निवडुंग आणि माकडशिंगी यांत गफलत केली तर ती पोटाला आणि डोळ्यांना भोवते.

चार, यंत्र आणण्यापूर्वी एक दिवस कोणीतरी त्या जमिनीवरून चालत जावे. कोणीतरी म्हणजे ज्याला नावे ठाऊक आहेत असे. आजी चालेल.

समिती आली, पाहून गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंड्यांना कोणी पाणी घातले, कोणी जास्त घातले; लाल टोप्यांपैकी दोन कुजल्या. यात कोणाला दोष नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची भूक-तहान तरी कशी ठाऊक असणार?

रुमालातून आणलेला जुडगा आजीने एका फुटक्या घमेल्यात मुरूम भरून खोवला होता. तिने त्याला पाणी घातल्याचे मला आठवत नाही. यंदा पाऊस संपता संपता त्याला फुले आली. मी भिंग घेऊन पाहिले. कडेला झालर आहे. आजीलाही भिंगातून दाखविले. बराच वेळ ती डोळा लावून बसली. मग म्हणाली, “एवढी वर्षं खाल्ली, पण हिला अशी झालर हाय हे बघितलंच नव्हतं.”

तेव्हा लाज मलाच वाटावी असे नव्हते. तिला नाव ठाऊक होते, मला भिंग ठाऊक होते. दोघे एका ओसरीवर बसेपर्यंत झाड पुरते कोणालाच ठाऊक नव्हते. महाविद्यालय म्हणजे अशी ओसरी असावी, एवढीच माझी मागणी आहे. घमेले मी पुढच्या सत्रात घेऊन येईन. ठेवावयास जागा मिळावी.